जब्दी तारवातच राहिला

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील सोळा ते वीस ही वचने आपल्या मंडळ्यांतून वर्षातून एकदा तरी वाचली जातातच. मिशनरी रविवार असो, तरुण संघाचे शिबिर असो की कोणी तरुण सेमिनरीला निघाला म्हणून ठेवलेली निरोपाची उपासना असो, प्रवचनासाठी हाच उतारा निघतो. शब्बाथशाळेच्या मुलांना तर ही गोष्ट तोंडपाठ असते. प्रभू गालील समुद्राच्या काठाने चालला आहे. शिमोन व अंद्रिया पाण्यात जाळे टाकीत आहेत. तो त्यांना आपल्यामागे बोलावतो, तुम्हाला माणसे धरणारे करीन असे अभिवचन देतो आणि ते जाळी टाकून निघतात. थोडे पुढे जब्दीचे मुलगे याकोब व योहान जाळी नीट करीत बसले आहेत. त्यांनाही बोलावणे येते व तेही निघतात. येथे प्रवचनकाराचा आवाज चढतो. त्यांनी विचार केला नाही, मागे वळून पाहिले नाही, असे तो सांगतो आणि समोर बसलेल्यांना विचारतो, तुम्ही अजून का बसून आहात?

असली प्रवचने आम्हीही केली आहेत व पुढेही करू. पाचारणाची हाक मोठ्याने ऐकवलीच पाहिजे. परंतु विसाव्या वचनाचा शेवट आपण फार घाईने वाचतो. मार्क तेथे सांगतो की, त्या दोघा भावांनी आपला बाप जब्दी याला चाकरांबरोबर तारवात सोडले. मुलगे किनाऱ्याने चालू लागले, अर्धवट नीट केलेले जाळे तसेच पडले आणि म्हातारा तारवातच राहिला. तो काही बोलला की नाही, हे मार्क सांगत नाही. शुभवर्तमानात तो पुन्हा कोठे समोरही येत नाही. त्याचे नाव मात्र वारंवार येते, कारण त्याच्या मुलांची ओळख शेवटपर्यंत 'जब्दीचे मुलगे' अशीच राहिली.

ज्या प्रभूने पाचवी आज्ञा मोडली नाही, त्याने दोन मुलांना बापाच्या डोळ्यांसमोरून उठवून न्यावे, हे योग्य कसे? प्रश्न विचारायला धाडस लागते, पण तो विचारणारे आपल्या बाकांवर बसलेले असतात. ते बहुधा आईबाप असतात, म्हणून गप्प असतात.

प्रथम मूळ वचनच नीट पाहू. 'चाकरांबरोबर' हा शब्द फक्त मार्कानेच ठेवला आहे. मत्तयाच्या वृत्तांतात जब्दी आहे, चाकर नाहीत. कोणी म्हणतात, यावरून जब्दी बऱ्या स्थितीतला होता एवढेच दिसते. असेल. पण 1986 साली दुष्काळाने गालील समुद्राचे पाणी खाली गेले, तेव्हा चिखलात प्रभूच्या काळातील एक लाकडी मचवा सापडला. त्याची लांबी सुमारे 8 मीटर आणि रुंदी 2 मीटरांहून थोडी अधिक आहे. असा मचवा वल्हवून वर जाळे ओढणे हे एकट्या म्हाताऱ्याचे काम नव्हे, त्याला चारपाच जण लागतात. तेव्हा मार्काने चाकर सांगितले यात आम्हाला काळजीचा एक धागा दिसतो. म्हातारा निराधार झाला नाही, तारू चालवायला हात उरले, एवढे तरी वाचणाऱ्याला कळावे.

दुसरा शब्द 'लागलेच'. हा मार्काचा फार आवडता शब्द. एवढ्याशा शुभवर्तमानात मुळात तो सुमारे चाळीस वेळा आला आहे. डिप्लोमाच्या वर्गात जेवढे ग्रीक पदरात पडले तेवढ्याच्या बळावर आम्ही हे वचन पुन्हा पुन्हा पाहिले आहे. शिमोन व अंद्रिया यांच्या बाबतीत 'लागलेच' हा शब्द त्यांच्या जाण्याला लागलेला आहे. याकोब व योहान यांच्या बाबतीत मात्र मार्काने तो प्रभूच्या बोलावण्याला लावला आहे. प्रभूने त्यांना लागलेच बोलावले, असे तेथे आहे. बापाला सोडताना ते लागलेच निघाले असे मार्क म्हणत नाही, ते मत्तय म्हणतो. यावरून मोठा सिद्धांत काढावा असे आमचे म्हणणे नाही. पण मार्काच्या पानावर प्रभूची घाई स्पष्ट आहे आणि मुलांच्या निघण्याला लागलेला वेळ मोजलेला नाही, इतके आपल्या मराठी पवित्र शास्त्रातही दिसते. ज्याला ग्रीक येत नाही त्याने तेथेच पाहावे.

शिवाय योहानकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला तर कळते की, अंद्रिया व शिमोन यांची प्रभूशी भेट आधीच झालेली होती. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिष्यांपैकी दोघे प्रभूच्या मागे गेले व तो दिवस त्याच्याजवळ राहिले. त्यांपैकी एक अंद्रिया होता. किनाऱ्यावरची हाक अनोळखी माणसाची नव्हती. म्हणून 'त्यांनी विचार केला नाही' हे वाक्य प्रवचनातून गाळलेले बरे. विचार करून झाला होता, म्हणूनच हाक आल्यावर त्यांना वेळ लागला नाही.

आणि घर? त्याच अध्यायाचे एकोणतिसावे वचन पाहा. जाळी टाकून दिलेला शिमोन सभास्थानातून निघून आपल्या घरी येतो. बरोबर याकोब व योहानही आहेत. घरात सासू तापाने पडलेली आहे आणि प्रभू तिला हाताला धरून उठवतो. सोडलेले घर तेथेच आहे, शिमोन तेथे येतो, प्रभूही येतो आणि त्या घरातील आजारी म्हातारी बरी होते. पुढे पौल करिंथकरांस लिहितो तेव्हा केफा आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरत असल्याचा उल्लेख आहे. जब्दीच्या घरचेही तसेच. त्याची बायको, या दोघांची आई, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात प्रभूपुढे येते व मुलांसाठी उजवीडावीकडची जागा मागते. ती मागणी आईचीच शोभते! तीच बाई सत्ताविसाव्या अध्यायात वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत उभी आहे. म्हणजे त्या तारवातून पुढे आईही मुलांमागून निघाली. जाळ्याशी बसून राहिला तो एकटा जब्दी.

आता कोणी म्हणेल, तुम्ही हाक मऊ करीत आहात. लूकाच्या नवव्या अध्यायात बापाला पुरून येऊ द्या म्हणणाऱ्याला आणि घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्याला प्रभूने काय उत्तर दिले ते आठवा. आठवतो. ती वचने कठीण आहेत व कठीणच राहावीत. पण त्या दोघांच्याही बोलण्यात एक शब्द समान आहे, 'प्रथम'. प्रथम हे, मग तू. प्रभूचा आक्षेप त्या क्रमाला आहे. एलीयाने अलीशावर झगा टाकला तेव्हा अलीशाने आईबापांचे चुंबन घेऊन येण्याची परवानगी मागितली व त्याला ती मिळाली. त्याने बैल कापले, औताच्या लाकडांवर ते शिजवले, लोकांना जेवू घातले आणि मग तो निघाला. निरोप घेणे हा दोष असता तर पहिल्या राजेच्या एकोणिसाव्या अध्यायाने तसे सांगितले असते.

उलट बाजूने मार्काचाच सातवा अध्याय पाहावा. आईबापांना जे द्यायचे ते देवाला वाहिले, कुर्बान केले, असे म्हणून हात झटकणाऱ्या परूश्यांवर प्रभू जेवढा संतापला तेवढा फार थोड्या ठिकाणी संतापला आहे. देवाचे नाव पुढे करून आईबापांची भाकरी काढून घेणे हे त्याला देवाच्या वचनाचा अवमान वाटले. हे बोलणारा आणि जब्दीच्या मुलांना बोलावणारा प्रभू एकच आहे. तेव्हा पहिला अध्याय सातव्याला सोडून वाचता येणार नाही. 'पाचारण' हा शब्दही कुर्बानसारखा वापरता येतो, आणि आपल्या समाजात तो वापरला गेलाही आहे.

हे निव्वळ जुन्या शास्त्राचे विवेचन नाही. महाराष्ट्रातील आपल्या ख्रिस्ती इतिहासाच्या पहिल्या पानांवरच जब्दी उभा आहे. 1843 साली मुंबईस नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयास आला होता, पण तो अजाण होता. बापाने सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने श्रीपतला बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मणवर्गात मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. आपण नारायण शेषाद्रींचे जालन्याजवळच्या बेथेलचे काम आदराने सांगतो आणि सांगावेच. पण एक मुलगा गेलेला, दुसऱ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणारा तो बाप आपल्या गोष्टीत केवळ विरोधक म्हणून येतो. त्याच्या बाजूने आपण कधी ते वर्ष पाहिले आहे काय?

आमच्या हुबळी-धारवाडकडे सुवार्ता आणली ती बासेल मिशनच्या लोकांनी. धारवाडला ते 1837 साली आले, हुबळीस 1839 साली. शाळा, दवाखाने, कानडी छापखाना, कित्तेल साहेबांचा कोश या सर्वांचे उपकार या भागातील प्रत्येकजण मानतो, मग तो कानडी बोलणारा असो वा मराठी. त्या घरांतील एक रीत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मिशनऱ्यांची मुले शाळेच्या वयाची झाली की बोटीत बसवून युरोपात पाठवीत व तेथे बासेलला मिशनच्या बालगृहांत ठेवीत. आईबाप येथे, मुले तेथे, मध्ये समुद्र. पुष्कळांची पुन्हा भेट झाली ती मुले मोठी झाल्यावर. मलबारात काम करणारे हेर्मान गुंडर्ट यांची मुलगी मारी हिला लहानपणीच युरोपात ठेवले होते. ती हिंदुस्थानात परतली 1857 साली, पंधरा वर्षांची होऊन. येथे तारू उलटे झाले. बाप पाचारणाने गेला व मुले मागे राहिली. ज्यांच्या आईबापांनी आमच्या आजोबा-पणजोबांना शुभवर्तमान सांगितले, त्या सहासात वर्षांच्या मुलांना पाचारण झाले होते काय? त्यांना कोणी विचारलेही नव्हते. आमच्यासाठी त्यांनी दिलेली किंमत त्यांनी स्वतः ठरवलेली नव्हती, हे मनात ठेवून कृतज्ञ व्हावे.

आणि रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईस 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला. लक्ष्मीबाई नातलगांकडे होत्या, पदरी लहान दत्तू. त्यांना ही गोष्ट दुसऱ्यांकडून कळली. पुढची चारपाच वर्षे त्या नवरा जिवंत असून एकट्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक ज्याने वाचले असेल त्याला ती वर्षे कशी गेली हे सांगायला नको, आणि ज्याने वाचले नसेल त्याने ते वाचावे. विनोदी म्हणून त्याची ख्याती आहे, पण त्या भागातला विनोद डोळे पुसून केलेला आहे. टिळकांच्या पाचारणाबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. ते खरे होते, म्हणून तर ते टिकले. पण खऱ्या पाचारणानेही घरातील दुसऱ्या माणसाचे हृदय फाटते, आणि ते फाटले नाही असे दाखवण्याचा हक्क चरित्र लिहिणाऱ्याला नाही. लक्ष्मीबाई पुढे आल्या त्या ओढून आणल्या म्हणून नव्हे. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ सांभाळले, जातिभेद माणसांनी केलेला आहे हे स्वतःच्या बुद्धीने ओळखले आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीही वाट पाहिली. हे वाट पाहणे आम्हाला त्यांच्या कवितेइतकेच मोलाचे वाटते. 1919 साली ते वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. पुढचे कितीतरी अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी.

आता आजचे सांगतो. आमच्या परिचयाचे एक घर आहे. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते, नोकरीत असतानाच वारले. मुलाला अनुकंपेवर नोकरी मिळण्याजोगी होती. त्याच सुमारास एका सुवार्तिक संघाची शिबिरे झाली, हीच वचने वाचली गेली आणि मुलगा उत्तरेकडे निघाला. निरोपाच्या उपासनेत हार घातले, छायाचित्रे निघाली, आईलाही पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर भाडे कसे भरता, हे विचारायला त्या संघातून कोणी आले नाही. आई आज घरी डबे करून देते. मुलाने नोकरीच धरायला हवी होती असे आम्ही म्हणत नाही. त्याला खरोखरच हाक आली असेल. रेल्वेची नोकरी म्हणजे पाचारणाला नकार, असेही नव्हे. हुबळीच्या कित्येक मंडळ्या अशा नोकरदारांच्याच दशांशावर उभ्या आहेत. आमचा प्रश्न त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. तुम्ही मुलगा नेला, जब्दीच्या तारवात चाकर ठेवलेत काय?

कारण आमच्या मते या वचनाची खरी मेख येथे आहे. शिष्याने सोडायचे ते स्वतःचे. स्वतःचा पगार, स्वतःचा मान, स्वतःची पुढची वाट त्याने क्षणात टाकावी, त्याला कोणाचा सल्ला लागू नये. पण आईच्या औषधाचा खर्च हा त्याचा नव्हे, आईचा आहे. बायकोचा संसार हा तिचाही आहे. तो त्याला परस्पर वेदीवर ठेवता येत नाही. तसे केले की कुर्बान झाले. मग जाणाऱ्याचे जाणे खरे आणि राहणाऱ्याचा हक्कही खरा, यातून मार्ग कसा निघावा?

मार्काचा दहावा अध्याय पाहा. पेत्र म्हणतो, आम्ही सर्व सोडले. त्यावर प्रभू उत्तर देतो की, ज्याने घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुले, शेते सोडली त्याला याच काळी शंभरपट मिळतील. मिळायच्या गोष्टींची यादी तो पुन्हा सांगतो: घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते, आणि त्यांबरोबर छळ. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बोटाने मोजा. सोडलेल्यांत बाप आहे. मिळणाऱ्यांत बाप नाही. भाष्यकार सांगतात, शिष्यांचा पिता एकच, जो स्वर्गात आहे, म्हणून तो शब्द गाळला. हे आम्हाला मान्य आहे. तरीही गालीलच्या किनाऱ्यावर बसलेल्या त्या एका माणसाची आठवण तेथे आल्यावाचून राहत नाही. त्याची जागा कोणत्याही शंभरपटीने भरली गेली नाही.

आणि ही शंभर घरे, शंभर आया येणार कोठून? आकाशातून नव्हे. मंडळी म्हणजेच ती घरे. हे जर जाणाऱ्याच्या बाबतीत खरे असेल, तर राहणाऱ्याच्या बाबतीतही खरे असले पाहिजे. ज्या मंडळीने जब्दीचे दोन मुलगे घेतले, तिने त्याला शंभर मुलगे देणे लागते. प्रेषितांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीत कुचराई झाली, तेव्हा सात माणसे त्याच कामावर नेमली गेली. वचनाची सेवा मोठी म्हणून पंगतीची सेवा कोणी वाऱ्यावर सोडली नाही. आपल्या पंचांच्या सभेत मुलगा सेमिनरीला पाठवण्याचा ठराव होतो, तेव्हा त्याच कागदावर दुसरा ठरावही हवा, घरी कोण आहे व दर महिन्याला त्यांच्याकडे कोण जाणार. हे जमत नसेल तर हार आणू नयेत.

आईबापांनाही थोडे सांगायचे आहे. जब्दीने मुलांना धरून ठेवले असे कोठे लिहिलेले नाही. पुढे हेरोदाने याकोबाला तरवारीने मारले. तेव्हा जब्दी जिवंत असला तर त्याच्यावर काय आले असेल, हे ज्याने मूल गमावले आहे त्यालाच कळेल. ते दोघे जाळी नीट करायला शिकले ते त्याच्याच हाताखाली, असे मानायला हरकत नाही. मार्काने जाळी नीट करण्यासाठी जो शब्द वापरला आहे, तोच पौलाने गलतीकरांस पत्रात दोषात सापडलेल्या भावाला ताळ्यावर आणण्यासाठी वापरला आहे. फाटलेले टाकू नये, बसून सांधावे, ही विद्या मुलांनी बरोबर नेली.

वधस्तंभाखाली प्रभूने आपली आई आवडत्या शिष्याच्या हवाली केली आणि त्याने तिला आपल्या घरी नेले. तो शिष्य म्हणजे जब्दीचा मुलगा योहान, असे मंडळी परंपरेने मानत आली आहे. बापाला तारवात सोडून आलेल्याला प्रभूने शेवटच्या घटकेला एक म्हातारी सांभाळायला दिली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एवढेच सुचवतो. या धड्याचे जे रंगीत चित्र भिंतीवर लावतात, त्यात बहुधा प्रभू व चार शिष्य असतात आणि जब्दी मागे कोठेतरी लहानसा, कधी कधी मुळीच नसतो. मुलांना तो शोधायला लावा. आमच्या वर्गात एका मुलीने विचारले, त्या संध्याकाळी जाळे कोणी ओढले? दुसरा म्हणाला, चाकर होते ना. त्यावर तिसरा, ज्याचे वडील गोकुळ रोडला रोजंदारीवर जातात, म्हणाला, पण त्यांची मजुरी द्यायला म्हाताऱ्याजवळ पैसे होते का? पुढच्या रविवारी आम्ही त्यांना मार्काचा दहावा अध्याय वाचायला दिला आहे.